नावाड्याचं सर्वनाम

सातवा भाग अकरा वर्षं झाली, येतोच आहे.
तोवर आम्ही शहापुरात, इर्शादच्या झेरॉक्सच्या दुकानात,
मागांची खडखड थांबली की जमतो
आणि सहा भागांची हाडं पुन्हा मोजतो.

लुमाण्णाचं म्हणणं, राजा मेलेलाच नाही.
दुसऱ्या भागात प्रेत जळतं, पण अंगठी कुठाय?
"सोनं जळतंय काय बे? राखेत गावायला पायजे की."
दिवसभर तो गिलावा करतो,
भिंत कुठं फुगलीय ते टिचकी मारून सांगतो.
पुस्तकाचंही तसंच: हितं पोकळ वाजतंय, म्हणतो.

इर्शादनं नकाशा मोठा करून काचेखाली लावलाय.
अर्वेणची नदी तीन ठिकाणी राज्य बदलते,
चौथ्या ठिकाणी, नेमकी घडीवर, शाई उडालीय.
तिथं हद्द कुणाची, यावरून
एकदा दोन आठवडे आमचं बोलणं बंद होतं.
(हसू नका. आम्ही इथलेच.)

मग शिवलीला हुक्केरी आली.
इस्पितळात रात्रपाळी, डोळे तांबारलेले,
पिशवीत कन्नड आवृत्ती, डब्याच्या तेलाचा डाग पडलेली.
विचारलं, तुमच्यात नावाड्याला काय म्हणतात?
तो, आम्ही म्हणालो. तो थोल.
सहा भागांत एक शब्द न बोललेला.
मूळ इंग्रजीत तर नुसतं 'ही',
राजालाही तेच, कुत्र्यालाही तेच.
"आमच्यात अवनु नाही," ती म्हणाली. "अवरु आहे.
पहिल्या पानापासून.
सैनिकाला अवनु, सावकाराला अवनु, राजपुत्राला सुद्धा.
अवरु फक्त राजाला. आणि ह्यांना."

म्हणजे अनुवादकाला ठाऊक होतं!
लुमाण्णानं काउंटरवर टिचकी मारली. "वाजलं."

त्या रात्री शटर अर्धं ओढून सगळं जुळवलं.
डाव्या हाताला फडकं का? अंगठीचा चटका.
बोलत का नाही? आवाज ओळखतील.
आंधळ्या मुलीकडून पैसे का घेत नाही?
इर्शाद म्हणाला, तिची हनुवटी राणीसारखी आहे, भाग तीन,
आणि उगाच कागदाचा गठ्ठा सारखा करत बसला.

रविवारी गोकाकची बस धरली.
बसाप्पा मेळवंकी, निवृत्त मास्तर, ऐंशी पार,
अंगणात मका वाळत घातलेला,
काठीनं चिमण्या हाकत होते.
शिवलीला बोलली. आम्ही तिघं
समजतं त्याहून जास्त समजल्यासारखे बसलो.
त्यांनी ऐकलं सगळं, अंगठी, फडकं, आंधळी पोर.
मग म्हणाले, राजाबिजा मला माहीत नाही.
आमचे अप्पा घटप्रभेवर नाव चालवायचे, पूल होईपर्यंत.
सगळा गाव त्यांना अवनु म्हणायचा.
माझ्या वर्गातली पोरं सुद्धा, माझ्यासमोर.
हे पुस्तक आलं तेव्हा कागद माझ्या हातात होता.
छापखान्यातून विचारलं, चूक आहे का मास्तर?
म्हटलं, असू दे.

चहा आला. चिमण्याही परत आल्या.

परतीच्या बसमध्ये अंकलगीपर्यंत कोणी बोललं नाही.
करदंटाचा पुडा फोडला, डिंक दाढेला चिकटला.
इर्शादनं पेन्सिल काढली,
मराठी पहिला भाग मांडीवर घेऊन
'तो'चं 'ते' करायला लागला.
पण तेवढ्यानं भागेना:
बसला, उठला, वाकला, भिजला,
एकेका क्रियापदाचा काना खोडून मात्रा देता देता
बस खड्ड्यात आदळली, टोक मोडलं.
पान चाळीस.

"पण मग," मागच्या सीटवरून लुमाण्णा, "अंगठीचं काय?"

शिवलीला खिडकीला डोकं टेकून झोपलीय असं वाटत होतं.
डोळे न उघडता म्हणाली,
"प्रेताला लाकडं कुणी आणली, ते बघ आधी.
पान दोनशे अकरा.
नदीतून आलीत."